निळी पडलेली धार

देउमतीचं आणि माझं घर एकाच उतारावर आहे. तिच्या अंगणात कुणी खोकलं तरी मला खाली ऐकू येतं. त्यामुळे हे बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. जे माझ्यासमोर घडलं नाही, ते तिनेच मला सांगितलं आहे, एकदा नाही, चार-पाच वेळा.

नवरा काविळीने गेला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. मुलगी एकच, ती लग्न होऊन धरानला गेली. मागे राहिली देउमती, दोन डुकरिणी, संत्र्याची बारा झाडं आणि उतारावरची नाचणीची तीन वावरं. बाई कामाला कधी मागे हटली नाही, आणि मागायला म्हणून कुणाच्या दारात गेली नाही. घरातलं मीठ संपलं तर दोन दिवस अळणी खाईल, पण वाटी घेऊन माझ्याकडे येणार नाही. मला याचा रागही येई. शेजार असतो कशाला मग?

एकाच गोष्टीसाठी मात्र तिला दुसऱ्याच्या दाराशी उभं राहावं लागे, ती म्हणजे खुकुरी, आमच्याकडची वाकड्या पात्याची मोठी सुरी. सुतक फिटलं त्याच दिवशी थोरल्या दिराने, पहलमानदाजूने, तिच्या नवऱ्याची खुकुरी भिंतीवरून उतरवून आपल्या घरी नेली होती. "भावाची वस्तू भावाकडे," तो म्हणाला, "तुला विळा आहे की."

विळ्याने गवत कापतं. बांबू फोडायला, फांद्या तोडायला, डुकराचं मांस तोडायला खुकुरीच लागते. दर वेळी ती दिराच्या ओसरीखाली जाऊन उभी राही आणि दर वेळी तो देताना काहीतरी बोलल्याशिवाय देत नसे. "दगडावर आपटू नकोस हं. बाईच्या हातात गेली की तलवारीचाही विळा होतो." आम्ही ऐकणाऱ्या हसायचो. देउमती नाही हसायची. अशी नऊ वर्षं गेली.

त्या वर्षी तिची डुकरीण नऊ पिल्लं व्याली आणि सगळी जगली. पिल्लं विकून आली त्या संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. अशी ती सहसा बसत नाही.

"साइँली, मी खुकुरी करून घेणार आहे," ती म्हणाली.

"बाजारात तयार मिळतात की. चकचकीत असतात."

"चकचकीत नको. हर्केकडून घडवून घेणार. माझ्या हाताच्या मापाची."

हर्के विश्वकर्मा आमच्या गावचा लोहार. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे त्याची भट्टी. साठी ओलांडलेला, अंगाने काटकुळा, पण घन उचलला की खांदे वेगळेच दिसत. त्याची बायको सुनकेसरी भाता ओढायची. आम्ही राई लोक त्यांच्या हातचं पाणी पीत नाही. पीत नव्हतो, असं सांगायला मला आवडलं असतं.

देउमती गेली तेव्हा हर्केने विचारलं, "कुणासाठी करायची?"

"माझ्यासाठी."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग घरातून तीन जुन्या खुकुऱ्या आणून तिच्यापुढे ओट्यावर ठेवल्या. हातात दिल्या नाहीत, ठेवल्या. "उचलून बघा, दिदी. कुठली मनगटाला जड होते ते सांगा." वयाने तिच्याहून इतका मोठा, पण तो आम्हा सगळ्यांना दिदी-दाजू म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. आम्ही सगळे त्याला नावाने हाक मारायचो.

मोडक्या बसच्या स्प्रिंगची एक पट्टी त्याच्याकडे होती, तिची खुकुरी करायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी देउमती मुद्दाम पाहायला गेली. पातं तापून लाल झालं होतं. हर्केने चहाच्या किटलीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पातं फुसफुसलं आणि कडेने करडं झालं. "धार तेवढी कडक व्हायला हवी," तो म्हणाला, "बाकी अंग मऊच राहू दे. सगळंच कडक झालं तर मोडतं."

अक्रोडाची मूठ आणि कातड्याचं म्यान चढवून त्याने ती दिली तेव्हा म्हणाला, "आता नीट ऐका. धार मी अर्धी लावलीय. उरलेली तुम्ही लावा. ओढ्यातला बारीक दगड घ्या, पाणी टाकत राहा, रोज थोडं थोडं, चार-पाच दिवस. घाई करू नका. आणि विजेच्या चाकावर मुळीच धरू नका. पातं चाकावर तापतं, मी दिलेलं पाणी उतरतं. मग ते नुसतं पत्र्यासारखं."

"कळलं," देउमती म्हणाली.

तिला कळलंही होतं. पुढे तीच मला म्हणाली, "मला कळलं नव्हतं असं असतं ना, साइँली, तर मी आज सुखाने झोपले असते."

दोन दिवस ती ओढ्यावर बसून घासत होती. पण हाताला सवय नाही. कधी पातं जास्त उभं धरलं जाई, कधी जास्त आडवं. पात्याच्या पोटाचा गोल भाग घासला जाई आणि टोकाकडचं तसंच राही. दसैंची, म्हणजे आमच्या दसऱ्याची, अष्टमी चार दिवसांवर आली होती. तिसऱ्या दिवशी पहलमानदाजू तिकडून जाताना थांबला. त्याने तिच्या हातून खुकुरी घेतली, कडेचं नेच्याचं पान धरून त्यावर फिरवली. पान वाकलं, कापलं नाही.

"ही कशासाठी घेतलीस? लोणी काढायला?" तो म्हणाला. सोबत त्याचे दोन मित्र होते, ते हसले. "अष्टमीला बोकड हिनेच कापू. बघू तरी बाईची खुकुरी काय करते."

"कापा," देउमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती संत्री घेऊन भोजपूरच्या बाजाराला गेली. परतताना वाटेवर एक लोखंडी दरवाजे जोडणारा बसतो, त्याच्याकडे विजेचं चाक होतं. डोकोत, पाठीवरच्या टोपलीत, तळाला खुकुरी होती. ती का नेली होती, हे तिने स्वतःला विचारलं नाही. "दोन मिनिटांत करतो," तो म्हणाला. ठिणग्यांचा पाऊस पडला. खुकुरी परत हातात आली तेव्हा तिच्यावर नख ठेवलं तरी नखाचा तुकडा उडत होता. मात्र धारेच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या दोन जागी, मोराच्या मानेसारखा निळा रंग आला होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"रंग आहे. जाईल घासून."

घरी येऊन तिने राखेने घासलं. थोडा गेला, थोडा राहिला.

अष्टमीला पहलमानदाजूच्या अंगणात आम्ही सगळे होतो. खुंट्याला बोकड बांधला होता, त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. पहलमानदाजूने देउमतीची खुकुरी म्यानातून काढली, अंगठा फिरवला आणि भुवया उंचावल्या. "अरे, धार तर लावलीस की," तो म्हणाला. खरं कौतुक होतं त्यात. देउमतीचा चेहरा मी पाहिला. नऊ वर्षांत ती अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

मग घाव पडला आणि मान तुटली नाही.

बोकड ओरडला. तो आवाज मी सांगणार नाही. दुसरा घाव, तिसरा घाव. एका घावात मान पडली नाही तर ते घराला चांगलं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पहलमानदाजूचा पायजमा रक्ताने भरला होता. त्याने खुकुरी डोळ्यांसमोर धरली. धार एका जागी दुमडली होती, कागदाचा कोपरा दुमडतो तशी. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"कुठल्या कुत्र्याने घडवली ही?" तो म्हणाला.

कुणीतरी हर्केचं नाव सांगितलं. देउमती सांडलेल्या रक्तावर राख पसरायला लागली.

कपाळाला सणाचा टिळा, टीका, लावून झाल्यावर, सण सरत आला तेव्हा, पहलमानदाजूने हर्केला बोलावणं पाठवलं. तो आला आणि अंगणाच्या खालच्या काठाशी थांबला, पायऱ्यांपाशी आला नाही. आम्ही वर ओसरीवर होतो. जाँडचे, नाचणीच्या दारूचे, पेले हातात होते. पहलमानदाजूने खुकुरी खाली फेकली, ती त्याच्या पायांजवळ पडली.

"भंगार देतोस आम्हाला? सणाच्या दिवशी घरावर संकट आणलंस."

हर्केने ती उचलली. उजेडाकडे तिरपी धरली, धारेवरून नजर फिरवत नेली आणि एका जागी थांबला. मग त्याने वर पाहिलं. पहलमानदाजूकडे नाही, देउमतीकडे.

"दिदी, ही मधे दुसऱ्या कुणाच्या हाती गेली होती का?"

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. मला वाटलं, हिला संताप आलाय.

"नाही," देउमती म्हणाली.

हर्केने खुकुरी खाली घेतली. "मग माझंच पाणी चुकलं असेल," तो म्हणाला. "तिहारच्या आधी दुसरी करून आणतो."

"आणशील तर आण. नाहीतर या गावात ऐरण वाजवायची गरज नाही," पहलमानदाजू म्हणाला. खुकुरी घेऊन हर्के उतारावरून खाली गेला. आमचं खाणं पुढे चालू राहिलं. मी दोनदा भात घेतला, मला आठवतंय.

तिहारला, म्हणजे आमच्या दिवाळीला, दोन दिवस असताना तो खरोखर दुसरी घेऊन आला. देउमती अंगण सारवत होती. त्याने खुकुरी कुंपणाच्या दगडावर ठेवली. देउमती घरात गेली, नाचणीची पाटी भरून आणली.

"नको," तो म्हणाला. "आधीची वाईट दिली, तिचा मोबदला तुम्ही दिलाच होता. हिचं काय घ्यायचं?"

"पट्टी कुठून आणलीस?"

"होती एक. माझ्यासाठी ठेवली होती."

त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे ती कित्येक दिवस स्वतःशी चाचपत राहिली. नव्हता, हे तिला जास्त लागलं. आणि तरी तिने खुकुरी घेतली. त्या वेळी सांगता आलं असतं. अंगणात ती आणि तो दोघंच होते, ऐकायला माणूस नव्हतं. सारवणाचे हात तसेच ठेवून ती उभी राहिली आणि तो गेला.

या खुकुरीला तिने दगडावरच धार लावली. सहा दिवस लावली. पहाटे ओढ्यावर जायची, बसायची, एक मांडी पसरून तिच्यावर चिंधी घ्यायची, चिंधीवर मूठ टेकवायची. दगड ओला करायचा. मुठीपासून सुरू करून पोटाच्या गोलावरून टोकापर्यंत एकाच झोकात न्यायचं, मधे थांबायचं नाही. दगडावर करडा चिखल जमतो, तो धुवायचा नाही, त्यातच घासत राहायचं. बोटांच्या सांध्यांची सालं गेली. पाचव्या दिवशी आवाज बदलला. आधी खरखर येत होती, आता रेशमी कापड फाडल्यासारखा लांब आवाज यायला लागला. सहाव्या दिवशी तिने पाण्यावर तरंगत आलेल्या बांबूच्या पानाला खुकुरी नुसती टेकवली. पानाचे दोन तुकडे होऊन वाहून गेले.

इतकी सुंदर वस्तू तिच्याकडे आयुष्यात कधी नव्हती. बांबू एका घावात फुटे. म्यानातून काढली की लोक बघत राहत. आणि जो बघे तो एकच वाक्य बोले: "बघ, दम दिला तेव्हा कशी झक्क केली. येतं त्याला, पण फसवतो." पहलमानदाजू तर पाहुण्यांना दाखवायला घेऊन जाई. "मी झापला म्हणून ही अशी झालीय," तो सांगे. खुकुरी जितकी चांगली निघाली, तितका हर्के खोटा ठरत गेला. देउमती ऐकत राहिली.

हिवाळ्यापर्यंत आठ-दहा घरांनी हर्केकडे जायचं सोडलं. कुणी बाजारातून कारखान्याची खुकुरी आणली, कुणी विळे तिकडूनच आणले. मीही आणला. चकचकीत होता.

मंसिरात, मार्गशीर्षाच्या सुमाराला, सडकेचं काम निघालं. महिनाभराने देउमती बाजारातून परत येत होती. बायका पाठीवर खडी वाहत होत्या, त्यांत सुनकेसरी होती. कपाळावरचा पट्टा ताणलेला, पावलं मोजून टाकत होती. देउमतीला पाहून तिने पाठीवरचं ओझं बांधाला टेकवलं.

"इथे कधीपासून?" देउमतीने विचारलं.

"महिना झाला. भाता ओढायला काही राहिलं नाही, म्हणून आले." एवढं बोलून तिने पट्टा परत कपाळावर घेतला आणि निघाली. शिवी नाही, शाप नाही. देउमती सांगते, त्या रात्री तिने केलेलं जेवण डुकरांना घातलं.

आणखी दहा दिवस तिने घालवले. हेही ती लपवत नाही. अकराव्या दिवशी भट्टीवर गेली. भट्टी थंड होती. हर्के ओट्यावर बसून टोपली विणत होता, सुनकेसरी त्या दिवशी घरीच होती. देउमतीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाक, निळा रंग, राख, ते "नाही". सांगताना तिला वाटत होतं की तो चिडेल, आणि चिडला तर बरं होईल.

"माहीत आहे," हर्के म्हणाला. हातातली काडी त्याने पुढच्या काडीत अडकवली. "निळं दिसलं की मला. चाळीस वर्षं लोखंडाचे रंगच बघतोय, दिदी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याच्यासाठी असं अहो-जाहो निघालं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"तुम्हाला खोटं पाडलं असतं तर त्या अंगणातून मला धड घरी येता आलं असतं का?" तो म्हणाला. "तुम्ही वर बसला होता बारा-पंधरा माणसं. मी खाली एकटा."

"मी काय करू आता?"

"मला का विचारता? मला सांगून उपयोग नाही. मला आधीच माहीत होतं."

देउमतीच्या घशाला कोरड पडली होती. तिने सुनकेसरीकडे वळून म्हटलं, "घोटभर पाणी देता?"

मला वाटतं तिने ते मनापासून मागितलं. पण सुनकेसरी जागची उठली नाही.

"आमचं पाणी आज आठवलं?" ती म्हणाली. "तहान लागली असेल तर खाली झरा आहे."

देउमती झऱ्यावर गेली नाही. तशीच कोरड्या घशाने चढ चढून घरी आली आणि तिन्हीसांजेला माझ्याकडे येऊन सगळं बोलली. मी तिला म्हटलं, "जाऊ दे ना आता. झालं ते झालं. त्यालाही कळलंय, तुलाही कळलंय." असं मी म्हटलं. शेजारीण म्हणून म्हटलं असं मी बरेच दिवस धरून होते. खरं तर माझ्या घरातला तो चकचकीत विळा माझ्या डोळ्यांपुढे आला होता.

माघे संक्रांतीला सगळे परत पहलमानदाजूच्या अंगणात जमले. कंद उकडले होते, तूप होतं, डुकराचं मांस होतं. पाहुणे आले होते धनकुट्याहून. पहलमानदाजूने देउमतीला हाक मारली, "आण गं ती खुकुरी, यांना दाखवू." देउमतीने ती आणली, पण त्याच्या हातात दिली नाही. छातीशी धरून उभी राहिली आणि बोलायला लागली. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी "काय, काय?" केलं, तेव्हा तिला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. पहिली खुकुरी चांगली होती. मी ती चाकावर धरली. हर्केने नको म्हणून सांगितलं होतं. त्याने या अंगणात मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

 चुलीवर पाणी उकळत होतं.

"तीन महिन्यांनी आठवलं?" शेवटी पहलमानदाजू म्हणाला.

"आठवत होतंच, दाजू. रोज आठवत होतं."

"आणि पाहुण्यांसमोरच सांगायचं होतं?"

"त्याला आपण सगळ्यांसमोरच बोललो होतो."

तिची थोरली जाऊ उठून आत गेली. जाता जाता म्हणाली, "घराची अब्रू चुलीत घातली." मग कुणीतरी कंद आणखी हवेत का विचारलं, कुणीतरी थंडीचा विषय काढला, आणि लोक खायला लागले. देउमती तिथे थांबली नाही. मी पानातल्या कंदाचे बारीक बारीक तुकडे करत बसले. उठून तिच्यामागे जायला हवं होतं.

पुढचं फार मोठं नाही. तीन घरं हर्केकडे परत गेली, आमचं त्यांतलं एक. बाकीच्यांना बाजाराची सवय झाली होती. पहलमानदाजूने माफी मागितली नाही, पण फागुनात त्याची पहार वाकली तेव्हा ती गड्याच्या हाती हर्केकडे पाठवली, स्वतः गेला नाही. दोघी जावांत वर्षभर बोलणं नव्हतं. देउमती दुसऱ्या खुकुरीचा मोबदला घेऊन गेली तेव्हा हर्केने तो घेतला, दोन्ही हातांनी, आणि तिच्यादेखत खिशात ठेवला. "पहिलीचं काय केलंत?" तिने विचारलं. "दोन विळे केले," तो म्हणाला, "चांगले निघाले. विकले गेले." भट्टी आता आठवड्यातून तीन दिवस पेटते. उरलेले दिवस तो टोपल्या विणतो.

सुनकेसरी अजून देउमतीशी बोलत नाही. ओढ्याकडची पायवाट अरुंद आहे, दोघी समोरासमोर आल्या की देउमती कडेच्या सिस्नूच्या झुडपात उतरून तिला वाट देते. पायांना सिस्नू झोंबते, पोटऱ्यांवर लाल गांधी उठतात. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, जरा थांबून चार शब्द बोल तिच्याशी, बोलेल ती."

देउमती पोटरी चोळत होती. "तिने का बोलावं?" ती म्हणाली, आणि पाटी उचलून डुकरांना घालायला गेली.